सावकाश बातम्या आणि शिकणारा कान

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. तरीही मालवण किनाऱ्यावरच्या शाळांतून दहावी झालेल्या अनेकांना इंग्रजी वाचता येते, पण ऐकून समजत नाही. कारण उघड आहे. ती भाषा त्यांच्या डोळ्यांना भेटली, कानांना भेटलीच नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा श्रोत्यांसाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाने 1959 साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, आखूड वाक्ये आणि नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी गती. पुढे त्याचेच पॉडकास्ट झाले. जर्मन शिकणाऱ्यांसाठी डॉइचे वेलेही अशा सावकाश बातम्या देते.

‘असे इंग्रजी कोणी बोलत नाही’, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, पण अपुरा आहे. नवख्या कानाला पहिली अडचण अर्थाची नसते. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेच उमगत नाही. सावकाश वाचन नेमकी ती सीमा दाखवते. शिवाय बातमी आधी मराठीत ठाऊक असली, की अंदाजाला आधार मिळतो. मात्र सीमा ओळखू येऊ लागल्यावर गती वाढवायलाच हवी. पांगुळगाडा चालायला शिकवतो, तो जन्मभर वापरायचा नसतो.

कानाने शिकणे आपल्याला परके नाही. दशावतारी नट लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद रचतो. ती भारदस्त भाषा तो ज्येष्ठांचे ऐकत ऐकतच कमावतो. घरी मालवणी बोलणारा हा नट रंगमंचावर वेगळी मराठी सहज पेलतो. इंग्रजीच्या बाबतीतच आपण या कानावर अविश्वास का दाखवावा?

मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारने व्हॉइस ऑफ अमेरिकाचे बहुतेक काम थांबवले. दुसऱ्याच्या तिजोरीवर चालणारी शाळा अशी एका आदेशाने बंद होऊ शकते. मला त्याहून बोचणारा प्रश्न घरचा वाटतो. कोकणातल्या आंब्याच्या बागांत आणि मासेमारीच्या नौकांवर नेपाळी व परप्रांतीय माणसे राबतात. त्यांना मराठी शिकायची झाली, तर सावकाश मराठी बातम्या कोण ऐकवणार? छोट्या वृत्तपत्रांना उतरवून घेता याव्यात, म्हणून आकाशवाणी एकेकाळी धिम्या गतीने बातम्या वाचत असे. तीच रीत शिकणाऱ्यांसाठी वापरता येईल. आपली भाषा इतरांनी शिकावी असे वाटत असेल, तर आधी आपण थोडे सावकाश बोलायला हवे.