पत्र्यावर पडणारा दाणा

पितळेच्या परातीत मूठभर गहू टाकला तर टणटण आवाज उठतो. तीच मूठ भुशाची असेल तर नुसती सळसळ होते. डोळे मिटून बसलेली घरातील म्हातारीदेखील परातीत काय पडले ते अचूक सांगेल. या घरगुती अनुभवावरच एक उपयुक्त यांत्रिक योजना उभारलेली आहे. आपल्या पदरच्या धान्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध असल्यामुळे तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

गहू, सोयाबीन, हरभरा इत्यादी पिकांची कापणी व मळणी एकाच फेरीत करणारे हार्वेस्टर यंत्र एकरी भाडे ठरवून शेतात आणण्याची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. मजुरांची टंचाई आणि अवकाळी पावसाची धास्ती लक्षात घेता तीत गैर काहीच नाही. परंतु खळ्यावर उपणणी चालू असता भुशाबरोबर दाणा उडू लागला, तर तो मालकाच्या नजरेस पडे व तो तत्काळ हात आवरावयास सांगे. यंत्राच्या पोटातील व्यवहार असा दिसत नाही. मागून पडणाऱ्या काडाबरोबर किती दाणे मातीत गेले, हे चालकालाही आपल्या आसनावरून कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी यंत्राच्या मागील अंगास, काड झाडणारा भाग व चाळण्या जेथे संपतात तेथे, लहानसे पत्रे बसवितात. पत्र्याच्या पाठीस कंपने टिपणारी एक चकती घट्ट जोडलेली असते. तिलाच सेन्सर म्हणतात. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत वीज उत्पन्न होते, हे झाक व पिएर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. ही चकती त्याच गुणाच्या पदार्थाची असते. दाणा आपटला की पत्रा क्षणभर थरथरतो आणि चकतीत विजेची बारीक उसळी उठते. दाणा कठीण, त्याचा स्पर्श अत्यल्प काळ टिकतो, म्हणून त्याची कंपने द्रुत असतात. काड व भुसा मऊ, त्यांचा आघात रेंगाळतो, म्हणून त्यांची कंपने संथ व क्षीण असतात. संथ कंपने गाळून टाकावयाची, ठरावीक मर्यादेहून जोरदार उसळ्या तेवढ्या मोजावयाच्या, आणि तो हिशेब चालकापुढे काट्यावर दाखवावयाचा, इतकीच ही करामत. यंत्र अधिक वेगाने हाकले की काडाचा थर जाड होतो, दाणा त्यात अडकून बाहेर जातो आणि काटा चढू लागतो. चालकाने काय ते समजून घ्यावे.

परंतु यंत्रास कान फुटले म्हणून मालकाने डोळे मिटावेत, असे मात्र नव्हे. पहिली गोष्ट, हा कान पत्र्यावर पडेल तेवढाच दाणा ऐकतो. काडाच्या थरात दडून वरच्यावर निघून गेलेला दाणा त्यास कळत नाही. दोन दाणे एकाच क्षणी आदळले तर तो एकच मोजतो. ओलसर दाण्याचा ठोका मंद पडतो. पीक बदलले की मर्यादाही बदलावी लागते. दुसरी गोष्ट, तो बसविला असेल तेथीलच ऐकतो. सोयाबीनच्या कापणीतील नुकसान बहुतांशी यंत्राच्या पुढील बाजूस, पात्याजवळ शेंगा फुटून व खाली राहून होते. त्याची वार्ता मागील पत्र्यास असण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट, काटा कमी-अधिक सांगतो, किलो सांगत नाही. जमिनीवरील दाणे मोजून त्याची सांगड घातल्याखेरीज त्याच्या बोलण्यास अर्थ येत नाही.

ही मोजणी सोपी आहे. लोखंडी सळईची एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करावी. यंत्र येण्यापूर्वी उभ्या पिकात ती ठेवून आधीच गळलेले दाणे मोजावेत. यंत्र गेल्यावर, जेवढ्या रुंदीचे पीक कापले तेवढ्या सर्व रुंदीत क्रमाने चौकट ठेवून दाणे मोजावेत व सरासरी काढावी. केवळ काडाच्या ओळीखाली मोजल्यास फसगत होते. दोहोंतील वजाबाकी हे यंत्राने केलेले नुकसान होय. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर चौरस मीटरमागे १०० दाणे म्हणजे ४ ग्रॅम, अर्थात एकरी सुमारे १६ किलो. मातीत विखुरलेले शंभर दाणे किरकोळ वाटतात. सोळा किलोंचे पोते कोणी वाटेत टाकून दिले तर आपण त्यास काय म्हणू?

आमच्या मते खरा दोष यंत्रात नसून करारात आहे. भाडे एकरावर ठरते, म्हणून चालकाचा लाभ घाईत असतो. सांडलेला दाणा मात्र मालकाचा असतो. ज्याचे नुकसान नाही त्याच्यापुढे काटा चढला काय नि उतरला काय, सारखेच! यास्तव भाडे ठरवितानाच पहिल्या पट्ट्यानंतर यंत्र थांबवून मोजणी करण्याची अट घालावी, आणि वेग कमी केल्याबद्दल थोडे अधिक भाडे देण्याची तयारी ठेवावी. वाचलेल्या धान्याची किंमत व वाढीव भाडे यांचा मेळ प्रत्येकाने आपापल्या शेतावर घालून पाहावा. हंगामाच्या गर्दीत अशी अट कोण मानणार, असा आक्षेप येईल. एकट्यादुकट्याची कोणी मानणार नाही, हे खरे. पण एका शिवारातील दहा-वीस खातेदारांनी मिळून यंत्र ठरविले तर चालकास त्यांचे ऐकावेच लागेल. ज्या यंत्रावर असा सेन्सर असेल त्यास अशा वेळी अग्रक्रम द्यावा, म्हणजे इतर यंत्रमालकही तो बसवून घेतील.

यंत्राला कान असावा हे उत्तमच; परंतु त्याला ऐकावयास शिकविणे मालकाच्याच हाती आहे. येत्या सुगीस यंत्र बांधावर येण्यापूर्वी वाचकांनी सळईची चौकट तयार ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.