बीडच्या शाळांतला नीतीचा तास

धर्माचा आधार काढून घेतला तर नीती टिकते का, आणि टिकत असेल तर ती शाळेत शिकवता येते का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी सदाचाराला परलोकातील शिक्षेच्या भयाची गरज नाही, माणसाची विवेकबुद्धी आणि समाजाचे हित एवढा पाया त्याला पुरतो, अशी भूमिका घेतली आणि तिच्यापायी लोकांचा रोष पत्करला. पुढची शंभर वर्षे ही चर्चा बहुतांशी ग्रंथांत आणि व्याख्यानमालांतच राहिली. शेकडो सरकारी शाळांत एकाच वेळी तिचा कस लागला तो पुण्या-मुंबईत नव्हे, तर दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यात.

2009 मध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातील 500 प्राथमिक शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. मुथ्था मूळचे याच जिल्ह्यातले. 1985 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे 1200 मुलांना पुण्याजवळ वाघोली येथे नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली होती. ज्या संघटनेच्या नावातच एका धर्माचा उल्लेख आहे, तिच्या संस्थापकाने शाळांसाठी मूल्ये निवडताना आपल्या धर्मातील व्रते पुढे केली नाहीत. संविधानाच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही चार मूल्ये घेतली. हा निर्णय या साऱ्या प्रयोगाचा कणा आहे. पुढे राज्य शासनाच्या सहभागाने हा उपक्रम बीडबाहेर, राज्यभरातील शाळांत गेला.

या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी कायद्याची आणि धोरणाची चौकट पाहावी लागते. संविधानाचे कलम 28 पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करते. कोठारी आयोगाने (1964-66) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला: पहिल्यात विद्यार्थ्याला एका धर्माच्या आचारात आणि श्रद्धेत घडवले जाते, तर दुसऱ्यात निरनिराळ्या धर्मांची ओळख ज्ञान म्हणून करून दिली जाते. 1999 मध्ये मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा गाभा म्हणून सुचवली, आणि 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात, धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे कलम 28 ने निषिद्ध ठरवलेले धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला. मात्र चव्हाण समितीची यादी आणि उद्देशिकेची यादी शेजारी-शेजारी ठेवली की एक फरक स्पष्ट होतो. सत्य, शांती, अहिंसा हे गुण एकटा साधकही अंगी बाणवू शकतो. न्याय आणि समता यांना मात्र समोर दुसरा माणूस लागतो, आणि तोही बहुधा आपल्या जातीचा, आपल्या वाड्याचा नसलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराच्या पंगतीला कोण कोणाशेजारी बसते, हा प्रश्न दुसऱ्या यादीच्या कक्षेत सरळ येतो; पहिली यादी त्याला वळसा घालून जाऊ शकते.

महाराष्ट्रातील शाळांना मूल्यशिक्षण मूल्यवर्धनाच्या आधीपासून परिचित होते. रोजच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, दिनविशेष असा क्रम असतो, आणि अभ्यासक्रमाने वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्येही नेमून दिलेली होती. या व्यवस्थेची मर्यादा अशी, की तीत मूल्य हे पाठ करून म्हणून दाखवण्याची गोष्ट बनते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी नीतीविषयीच्या कल्पना आणि नैतिक कल्पना यांत फरक केला होता; पहिल्या डोक्यात साठवलेल्या माहितीसारख्या असतात, दुसऱ्या वर्तनाला वळण लावतात. 1928 पासून प्रसिद्ध झालेल्या हार्टशोर्न आणि मे यांच्या अभ्यासात हजारो अमेरिकन मुलांना फसवणूक करण्याची संधी मिळेल अशा प्रसंगांत ठेवले गेले, तेव्हा प्रामाणिकपणाचे धडे घेतलेली मुले इतरांहून फारशी प्रामाणिक निघाली नाहीत. एका प्रसंगात सचोटीने वागलेले मूल दुसऱ्या प्रसंगात फसवणूक करताना आढळले. म्हणजेच फळ्यावरचा सुविचार आणि मंदिरातला उपदेश यांचा दोष एकच आहे: दोन्ही ऐकणाऱ्याकडून होकाराखेरीज काही मागत नाहीत.

मूल्यवर्धनाची पद्धत येथे वेगळी पडते. त्यात शिक्षक उत्तर सांगत नाहीत. ते प्रश्न मांडतात, मुले आधी जोडीत, मग गटात आणि शेवटी सगळ्या वर्गासमोर बोलतात, आणि सहयोगी खेळ व उपक्रम यांतून वर्गातले नियम स्वतः ठरवायला शिकतात. समजा, मधल्या सुट्टीत शाळेच्या एकुलत्या नळावर झुंबड उडते आणि मोठी मुले लहानांना मागे सारतात. शिक्षकाने छडी दाखवून रांग लावली, तर छडी दिसेनाशी होताच रांग मोडते. हाच प्रश्न वर्गापुढे ठेवला आणि तिसरीतल्या मुलीने शेजारच्या मुलाला ‘आधी लहानांनी का प्यावं’ याचे कारण द्यायचे ठरले, तर तिला ते शोधावे लागते, त्याला ते पटावे लागते, आणि न पटल्यास त्याला आपले कारण मांडावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 च्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून हाच भेद मांडला: मोठ्यांनी सांगितले म्हणून नियम अढळ मानणे ही परायत्त नीती, आणि आपण मिळून ठरवला म्हणून तो पाळणे, गरज पडल्यास मिळून बदलणे ही स्वायत्त नीती. दुसरी नीती मुलांत येते ती प्रामुख्याने बरोबरीच्या सवंगड्यांशी व्यवहार करताना. आणि गावात निरनिराळ्या जातीधर्मांची मुले रोज पाच-सहा तास बरोबरीने एकत्र बसतील अशी जागा शाळेखेरीज दुसरी उरलेली नाही.

धर्माची येथे उपेक्षा करून चालणार नाही. बीडच्या गावोगावी होणाऱ्या हरिनाम सप्ताहांनी पिढ्यानपिढ्या व्यसनापासून दूर राहण्याचे, अन्नदानाचे, वडीलधाऱ्यांच्या आदराचे संस्कार केले, आणि भगवानबाबांसारख्या संतांनी तर मुलांच्या शिक्षणाचाच आग्रह धरला. अडचण आहे ती या संस्कारांच्या परिघाची. नारायणगड आणि भगवानगड ही सर्वांना खुली असलेली श्रद्धास्थाने असली, तरी 2024 च्या दसऱ्याला जिल्ह्यात नारायणगड आणि सावरगावचा भगवान भक्तिगड येथे झालेल्या दोन मेळाव्यांकडे साऱ्या राज्याने दोन समाजांची शक्तिस्थळे म्हणूनच पाहिले. त्याच वर्षी 9 डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि तिच्याभोवतीची चर्चा लवकरच जातीच्या वळणावर गेली. जातीची ओळख पुसट व्हावी म्हणून जिल्हा पोलिसांना छातीवरच्या नामपट्टीतून आडनावे काढून टाकावी लागली. आपल्या माणसांशी चांगले वागण्याची शिकवण या जिल्ह्यात कमी नाही, परक्याला न्याय देण्याची शिकवण कमी पडते, आणि ती एका समाजाच्या व्यासपीठावरून दिली जाणे अवघड आहे.

परंतु म्हणून ‘शिक्षण वाढले की नीती वाढते’ असे म्हणायलाही हा जिल्हा वाव देत नाही. 2001 च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये ही संख्या 807 वर घसरली आणि ती राज्यात सर्वांत कमी ठरली. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा 1994 चा आहे. त्यानंतरही जे घडले ते अडाण्यांच्या हातून घडणे शक्यच नव्हते. सोनोग्राफीचे यंत्र चालवायला पदवी लागते, आणि त्या पदवीसाठी बारावीनंतरची अनेक वर्षे लागतात. ज्या घरांतून स्त्रिया तपासणीला गेल्या त्या घरांत देवघरही होते आणि शाळेत गेलेली माणसेही होती. या आकड्यांपुढे धर्म आणि शाळा दोघांनीही मान खाली घालावी. मात्र त्यातून शाळेविषयीचा निष्कर्ष काढताना हे पाहावे लागते, की त्या डॉक्टरांना आणि त्या घरांना शाळेने परीक्षेत उतरेल तेवढेच शिकवले होते. ‘मुलगी का नको’ याचे कारण शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत पाहून द्यायची वेळ त्यांच्यावर एकाही इयत्तेत आली नव्हती.

उपक्रमाची खरी कसोटी मात्र वर्गाबाहेर लागते. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात तेव्हा अनेक मुले आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील, कर्नाटकातील फडावर जातात आणि वर्षाचे निम्मे तास त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. जी मुले मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, पण त्यांचा विचार जेवण आणि मुक्काम यांपलीकडे क्वचितच होतो. मूल्यवर्धनाचा पुढचा टप्पा आखताना जिल्हा परिषदेने या वसतिगृहांतली संध्याकाळ आधी हाती घ्यावी, कारण न्याय या शब्दाचा अर्थ ज्या मुलांना सर्वांत लवकर कळायला हवा ती हीच आहेत. हंगामाआधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरला जातो आणि आजारपणाने कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणून पैसे कापले जातात. हा खाडा टाळण्यासाठी ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत पोचला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आजारी आईचा खाडा कापणे न्याय्य आहे का, हा प्रश्न कोणत्याही उपदेशाशिवाय चौथीच्या गटापुढे ठेवता येतो. त्याचे उत्तर मुलांनी कारणांसह मांडले, आणि सुट्टीत गावी आलेल्या मुकादमाच्या मुलालाही ते त्याच गटात बसून ऐकावे लागले, तर नीतीचा तास वर्गाबाहेर पडायला सुरुवात होईल.