सर्च हिस्ट्रीची झडती आणि बाबासाहेबांनी मागितलेला हक्क

भोर-वेल्ह्यातल्या बैठकांमध्ये मोबाइलवरच्या खासगीपणाचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं : “आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? आपण निळा झेंडा उघड घेऊन फिरतो.” उत्तर बाणेदार आहे, पण चुकीचं आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, भावकी आहे, पोलीस ठाण्यात ओळख आहे, त्याची माहिती बाहेर पडली तर त्याची थोडी अडचण होते. आपली बाहेर पडली तर भाड्याची खोली जाते, काम जातं, प्रसंगी जीव जातो. म्हणून खासगीपणा हा शहरातल्या सुखवस्तूंचा चोचला नाही. तो जातिअंताच्या लढाईतला प्रश्न आहे, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे.

झेंडा खांद्यावर घेणं ही आपली निवड असते. आपली माहिती दुसऱ्याने आपल्या नकळत उघड करणं ही निवड नसते. हा फरक बाबासाहेबांच्या आयुष्यातच दिसतो. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, वहीत पारशी नाव नोंदवून, ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण त्या क्षणी कामी आलं नाही. एक माहिती बाहेर फुटली आणि डोक्यावरचं छप्पर गेलं. पुण्यात खोली शोधताना आडनाव विचारलं जातं, तेव्हा आजचा तरुण त्याच दारात उभा असतो.

गाव आपल्याबद्दल सगळं जाणून असतं. कोण कोणत्या आळीत राहतो, कोणाची मुलगी कोणाशी बोलते, कोणी कोणाविरुद्ध तक्रार दिली, हे गावाला लगेच कळतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या गोडव्यांना विरोध केला, त्यामागे हा अनुभवही होता. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवर रेंज कशीबशी मिळते, पण जिथे मिळते तिथे पोरा-पोरींना पहिल्यांदा एक अशी जागा सापडली आहे जिथे गावाला न विचारता प्रश्न विचारता येतो. आंतरजातीय लग्नाची नोंदणी कशी करायची? ॲट्रॉसिटीची फिर्याद पोलिसांनी घेतली नाही तर पुढे कुठे जायचं? गर्भपाताचा कायदा काय सांगतो? झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, काय करू? हे प्रश्न आपण मित्रालाही विचारत नाही, ते सर्चच्या चौकटीत लिहितो. तिथे माणूस जितकं खरं बोलतो तितकं दुसरीकडे कुठेच बोलत नाही.

आणि हे सगळं साठवलं जातं. ते फुटलं तर काय होतं, हे जगाने २००६ सालीच पाहिलं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले दोन कोटी सर्च इंटरनेटवर टाकले. नावं काढून प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. काही दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची वृद्ध महिला शोधून काढली. तिने आपल्या गावाबद्दल, आपल्या आडनावाच्या लोकांबद्दल, दुखण्यांबद्दल शोधलं होतं. तेवढं पुरेसं ठरलं. कंपनीने फाइल काढून टाकली, पण तोवर तिच्या प्रती सगळीकडे पोहोचल्या होत्या.

आता हेच भोर तालुक्यात कल्पून पाहा. एका क्रमांकाखाली चार सर्च आहेत : भाटघर धरणाजवळच्या एका वाडीचं नाव, अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, शिरवळ एमआयडीसीतली नोकरी, कोर्ट मॅरेज. अमेरिकेत पत्रकारांना तपास करावा लागला. आपल्या वाडीत बौद्धांची घरं मोजकी असतात. इथे तपासाची गरजच नाही, चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत नाव निघेल. त्या नावाचं पुढे काय होईल, हे महाराष्ट्रातल्या तरुणांना सांगायला नको. २०१५ साली शिर्डीत एका तरुणाचा मोबाइलवरच्या भीमगीताच्या रिंगटोनवरून खून झाला, हे आपण विसरलेलो नाही.

कोणाची माहिती सर्वात आधी सांडते, हेही पाहायला हवं. २०१७ साली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अहवालाने दाखवून दिलं की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यांत रोजगार हमी आणि पेन्शन योजनांची संकेतस्थळं होती. म्हणजे माहिती उघडी पडली ती मजुरांची, विधवांची, म्हाताऱ्यांची. दुसऱ्या टोकाला, चळवळीत उभ्या राहणाऱ्यांवर मुद्दाम नजर ठेवली जाते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं लक्ष्य झाल्याचं २०१९ साली ज्यांना कळवण्यात आलं, त्यांत आनंद तेलतुंबडे आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते.

मग यात आंबेडकरी भूमिका कोणती? ती बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांमध्ये एक हक्क मागितला होता : माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची मनमानी झडती घेता येणार नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत अशाच अर्थाची दुरुस्ती मांडली. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात असं संरक्षण आहे, पण ते संविधानात आलं तर कायदेमंडळाला त्याला हात लावता येणार नाही, असं म्हणत बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. शेवटी ती मंजूर झाली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. बाबासाहेबांच्या मागणीला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. १९४७ साली ‘कागदपत्रं’ ट्रंकेत असत, आज ती मोबाइलमध्ये असतात. हक्क तोच आहे.

२०२३ साली केंद्राने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकतं. शिवाय त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८ बदललं. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, असं त्या तरतुदीतच लिहिलं होतं. आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की नकार द्यायची सोय झाली आहे. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार शिल्लक आहे, तो अपिलात नेमका मांडावा लागेल. घरकुल कोणाला मिळालं, दलित वस्तीचा निधी कुठे मुरला, हे विचारणारा कार्यकर्ता यापुढे खासगीपणाच्या नावाने परत पाठवला जाऊ शकतो. आपली मागणी नेमकी उलटी हवी : सत्तेचा कारभार उघडा, माणसाचं आयुष्य सुरक्षित. खर्चाचा हिशेब भिंतीवर लावा, लाभार्थ्याचा आधार क्रमांक लावू नका.

मागणी सरकारकडे आहे तशीच आपल्याकडेही आहे. प्रत्येक शाखेने पुढचे नियम करावेत.

एक, शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना पोरांची आधार कार्डं आणि जातीचे दाखले व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नयेत. एकाच व्यक्तीकडे द्यावेत आणि काम झालं की पुसावेत. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यावं.

दोन, अत्याचाराच्या घटनेत पीडित कुटुंबाच्या संमतीशिवाय नाव, फोटो, एफआयआर पुढे पाठवू नये. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं तर गुन्हाच आहे.

तीन, गूगल खात्यात जाऊन ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ बंद करावी किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं ठेवावं. इन्कॉग्निटोवर विसंबू नये. त्याने फोनमधली हिस्ट्री राहत नाही, पण कंपनीपासून लपत नाही. याच कारणावरून झालेल्या खटल्यात गूगलने २०२४ साली साठवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. सायबर कॅफेत काम झालं की लॉगआउट करावं.

चार, आणि हे सर्वात अवघड. घरातल्या मुलीचा मोबाइल तपासणं बंद करावं. तिची सर्च हिस्ट्री चाळणारा भाऊ जय भीम म्हणत असला तरी त्या क्षणी तो गावाचंच काम करत असतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत.

दरवर्षी २० मार्चला वरंध घाट उतरून आपण महाडला जातो. चवदार तळं कायद्याने खुलं झालं होतं, तरी तिथे जाणाऱ्यावर पहारा होता आणि बाबासाहेबांनी तो पहारा मोडला. ज्ञानाचं पाणी आज प्रत्येकाच्या हातात आहे, असं आपण भाषणांत म्हणतो. ते पिताना कोण पाहतंय, कोण नोंद ठेवतंय, हेही विचारायला लागू या. ‘शिका’ या आदेशात न घाबरता प्रश्न विचारण्याचा हक्क आलाच.

जय भीम!