स्टँपावरची सोडचिठ्ठी

लेक माहेरी येऊन बसली की पंच बापाला सांगतात, "स्टँपावर सोडचिठ्ठी लिहून घ्या नि मोकळे व्हा." बाबांनो, असं मोकळं होता येत नाही. जातीत तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात शाबीत झालं तरच तो कागद टिकतो. एरवी लग्न कायम राहतं आणि दुसरं केलं तर गुन्हा होतो.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज कोर्टातच करावा लागतो, तोही सहसा लग्नाला वर्ष झाल्यावर. २००३ पासून बायकोला ती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. सासरच्या गावाला हेलपाटे नकोत. दोघं राजी असून वर्षभर वेगळे राहत असतील तर संमतीचा अर्ज करावा. मग साधारण सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढं उभं राहायचं. तोवर कुणालाही माघार घेता येते.

वकिलाच्या फीची धास्ती नको. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं जा. बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्ड सोबत न्या. आणि ताई, सही करण्याआधी पोटगी, अंगावरचे दागिने, मुलं कुणाकडं, हे सारं अर्जात लिहून घ्या. मांडवातले साक्षीदार तेव्हा कुणी सापडत नाहीत.