आधी मीटर, मग बटण
जुना कमोडोर ६४ हाती लागला, तर जाणकार हौशी माणूस लगेच बटण दाबत नाही. आधी मल्टिमीटर काढतो. १९८२ साली आलेल्या या संगणकाचा मूळ पॉवर सप्लाय ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी देतो. त्यातला रेग्युलेटर वयोमानाने बिघडला, की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि मेमरीच्या चिप्सचा बळी जातो. अशी चिप अनेकदा बोट टेकवूनच सापडते, कारण ती शेजारच्या चिप्सपेक्षा जास्त तापते. मग सोल्डर शोषून तिचे सोळा पाय मोकळे करायचे, सॉकेट बसवायचं आणि दुसरी चिप लावायची. चाळीस वर्षांनंतरही हे जमतं, कारण कंपनीने आपल्या प्रोग्रामर्स रेफरन्स गाइडमध्ये सर्किट डायग्रामच छापून दिला होता. आज गोंदाने चिकटवलेला फोन बिघडला, की आपण मुकाट्याने नवा घेतो. या हौशी मंडळींचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. दुरुस्ती हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि वस्तूसोबत तिचा डायग्रामही मिळालाच पाहिजे, असा आग्रह आपण सगळ्यांनी धरायला हवा.