पेशंटसोबत कोण आहे?

मेक्सिकोतील सरकारी रुग्णालयांच्या आवारात दिवसभर एक हाक ऐकू येते : ‘फामिलियारेस दे...’ म्हणजे ‘अमक्याचे नातेवाईक’. हाक आली की बाकावर बसलेले कुणीतरी लगबगीने उठते, आत जाते आणि चिठ्ठी घेऊन औषधाच्या किंवा रक्तदात्याच्या शोधात निघते. आपल्याकडच्या कुठल्याही सिव्हिल हॉस्पिटलात दोन रात्री काढलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ हाच तो प्रश्न. निवृत्तीनंतर मेक्सिकोत जाऊन राहणाऱ्या हजारो अमेरिकन आणि कॅनेडियन ज्येष्ठांच्या आरोग्याचा प्रश्नही शेवटी इथेच येऊन थांबतो. निघताना मात्र बहुतेक जण हा एक सोडून बाकी सगळे हिशेब करतात.

ते हिशेब चुकीचे नसतात. हालिस्को राज्यात चपाला सरोवराकाठी अहिहिक नावाचे गाव आहे. सुमारे १,५०० मीटर उंचीमुळे तिथे ना कडाक्याची थंडी, ना जीवघेणा उकाडा. सान मिगेल दे आयेंदे हे जुने दगडी शहर २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. युकातानमधले मेरिदाही निवृत्तांचे आवडते. अमेरिकेची सोशल सिक्युरिटीची पेन्शन मेक्सिकोत राहूनही मिळते आणि तिथे ती जास्त दिवस पुरते. घरकामाला माणूस मिळतो, भाजी ताजी असते, चालायला चौक असतो. गुडघे आणि रक्तदाब या दोघांनाही मानवेल असे हे आयुष्य आहे.

गोष्ट अडते ती मेडिकेअरपाशी. १९६५ साली आलेली ही योजना अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या माणसाचा मोठा आधार आहे. पण मोजके अपवाद सोडले तर देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे ती देत नाही. म्हणजे पेन्शन सीमा ओलांडते, विमा ओलांडत नाही. त्यात अनेक जण ‘आता तिकडेच राहायचे’ म्हणून मेडिकेअरच्या ‘भाग बी’चा हप्ता बंद करतात. पुढे कर्करोग किंवा बायपास निघाला, परतावे लागले, तर हा भाग पुन्हा घेताना उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ बहुधा कायमची असते. पासष्टीला वाचवलेला पैसा पंचाहत्तरीला असा वळता होतो.

मेक्सिकोतील डॉक्टरांविषयी मात्र परदेशी ज्येष्ठांचा अनुभव बहुधा चांगला असतो. खासगी डॉक्टर वेळ देतो, स्वतःचा फोन नंबर देतो, गरज पडली तर घरी येतो. किरकोळ तक्रारीसाठी औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टर बसलेला असतो. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकण्यावर २०१० साली कडक बंदी आली, त्यानंतर अशा दवाखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. तिथे फी नाममात्र असते, अपॉइंटमेंट लागत नाही. सर्दी-खोकल्याला ही सोय उत्तम. पण ज्या दुकानाला औषधे विकायची आहेत, त्याच्याच शेजारच्या खोलीत मधुमेह आणि हृदयविकाराचा वर्षानुवर्षे पाठपुरावा होईल, अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे.

स्थानिक आजारांचे ज्ञानही स्थानिक डॉक्टरांकडेच असते. मेक्सिकोत विंचूदंश ही मोठी समस्या आहे आणि तिच्यावरची प्रतिविषे त्या देशाने स्वतः विकसित केली. त्यातलेच एक मेक्सिकन प्रतिविष २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर केलेले काम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. ज्या मातीत आजार, तिथेच त्याचा जाणकार. परदेशी माणसाने तिथल्या डॉक्टरला कमी लेखू नये, हे आधी समजून घ्यावे.

सरकारी व्यवस्थेचे चित्र वेगळे आहे. १९४३ साली स्थापन झालेली सामाजिक सुरक्षा संस्था ‘इम्स’ मुख्यतः कामगार, मालक आणि शासन यांच्या वर्गणीवर चालते. अधिकृत रहिवासी असलेल्या परदेशी माणसाला वयानुसार वार्षिक शुल्क भरून तिच्यात स्वेच्छेने सामील होता येते. मात्र आधीपासून कर्करोग असेल किंवा मधुमेहाची गुंतागुंत झालेली असेल, तर प्रवेश नाकारला जातो. काही शस्त्रक्रियांसाठी नाव नोंदवल्यानंतर ठरावीक काळ थांबावे लागते. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच दार बंद, असे यावर कुणी म्हणेल. पण ज्यांनी तरुणपणी या तिजोरीत एक पेसोही टाकला नाही, त्यांच्या म्हातारपणाचा सगळा भार तिथल्या कामगाराने का उचलावा? जे गरीब मेक्सिकन ‘इम्स’मध्येही बसत नाहीत, त्यांच्यासाठीची सरकारी योजना गेल्या वीसेक वर्षांत तीनदा नव्या नावाने मांडावी लागली. त्यांची रांग आधीच लांब आहे.

आता समजा, बहात्तर वर्षांची एक विधवा अहिहिकमध्ये न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया ग्वादालाहाराच्या खासगी रुग्णालयात उत्तम होईल. सर्जन तिथे आहेत, इम्प्लांट आहे, भूलतज्ज्ञही आहेत. पण दाखल होताना डिपॉझिट कोण भरणार? स्पॅनिशमधल्या संमतीपत्रावर काय लिहिले आहे, हे कोण वाचून सांगणार? रक्त लागले तर? मेक्सिकोत रक्तपेढीची भिस्त अजूनही मोठ्या प्रमाणात नातेवाइकांच्या बदली रक्तदानावर आहे. त्यातून बाईंचा गट आरएच निगेटिव्ह निघाला, तर अडचण वाढते. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत हा गट साधारण १५ टक्क्यांचा. मेक्सिकन लोकांत तो त्याहून कितीतरी कमी आढळतो. पैसे असूनही अडावे लागते, ते अशा ठिकाणी. त्या वेळी लागतात चार ओळखीची माणसे, आणि ती आजारी पडल्यावर जमवता येत नाहीत.

म्हणूनच संस्कृतीशी जुळवून घेणे हा निवृत्तांचा छंद समजू नये. तो त्यांच्या औषधोपचाराचाच भाग आहे. सुरुवात भाषेपासून. स्पॅनिशमध्ये ‘इंतोक्सिकादो’ म्हणजे विषबाधा झालेला, साध्या खाण्यातून झालेलीसुद्धा. त्यासारखाच दिसणारा इंग्रजी शब्द नशेत असलेल्या माणसासाठी वापरतात. १९८० साली फ्लोरिडात नेमक्या याच शब्दाच्या गोंधळातून एका तरुणावर अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार झाले, मेंदूतला रक्तस्राव लक्षात आला नाही आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. औषधांचेही तसेच. मेक्सिकोत ताप-वेदनेवर ‘मेतामिसोल’ सर्रास देतात. हे आपल्याकडे ॲनाल्जिन म्हणून ठाऊक असलेले औषध. पांढऱ्या रक्तपेशी अचानक घटण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत ते १९७७ मध्येच बंद झाले. त्यामुळे अमेरिकन रुग्णाने ते पूर्वी घेतलेले नसते, आणि ‘हे चालते का?’ या प्रश्नाला तो निमूटपणे मान डोलावतो.

भाषेनंतर येते रीत. मेक्सिकोत दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात शिरणारा माणूस आधी बसलेल्या सगळ्यांना ‘बुएनोस दीआस’ म्हणतो. वडीलधाऱ्यांना ‘तू’ म्हणत नाहीत, ‘उस्तेद’ म्हणतात. स्पॅनिशमधला ‘तू’ मराठीसारखाच एकेरी आहे. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला किंवा लग्नाला कुणी तुम्हाला ‘पाद्रिनो’ व्हायला सांगितले, तर तो नुसता मान नसतो. खर्चाचा एखादा वाटा उचलायचा असतो. पैशांचा संशय घेऊन नकार देणारा परदेशी माणूस परकाच राहतो. जो होकार देतो, त्याच्या खाटेशी पुढे कुणीतरी बसते. गावच्या संताच्या जत्रेत पहाटे चारला दारूकाम सुरू झाले की काही परदेशी ज्येष्ठ तक्रार करतात, काही खुर्ची घेऊन दारात येतात. खुब्याचे हाड मोडल्यावर या दुसऱ्यांच्या घरी कुणीतरी डबा घेऊन येण्याची शक्यता जास्त.

याउलट अनेक वसाहतींत इंग्रजी बोलणारे इंग्रजी बोलणाऱ्यांतच राहतात. त्यांचे क्लब, वाचनालये, मदतगट असतात आणि ते एकमेकांना मनापासून सांभाळतातही. पण सगळे एकाच वयाचे असतात. दहा वर्षांनी सांभाळणारे आणि सांभाळून घेणारे दोघेही ऐंशीच्या घरात पोहोचतात. शिवाय स्मृतिभ्रंशात उतारवयात शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते आणि माणूस मातृभाषेकडे परततो. तेव्हा शेजारणीशी जुळलेले नाते शब्दांवाचूनही टिकेल इतके जुने असावे लागते. स्थानिकांच्या बाजूनेही बघायला हवे. डॉलरच्या ओघाने घरभाडी वाढली, तर ज्या तरुण परिचारिका आणि मदतनीस या वृद्धांना सांभाळणार, त्यांनाच गावात राहणे परवडत नाही.

मृत्यूचाही विचार आधीच केलेला बरा. मेक्सिकोच्या आरोग्य कायद्यानुसार विशेष परवानगी नसेल तर ४८ तासांच्या आत दफन, दहन किंवा देहलेपन व्हावे लागते. टोरांटोत किंवा शिकागोत बसलेल्या मुलांना तेवढ्यात सगळे ठरवायचे असते. अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवण्याचा कायदा मेक्सिको सिटीत २००८ साली झाला आणि नंतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. पण अमेरिकेत केलेला इंग्रजी कागद अशा वेळी कामी येईलच असे नाही. तो स्पॅनिशमध्ये, ‘नोतारियो’समोर केलेला हवा. तिथला नोतारियो म्हणजे शिक्का मारणारा कारकून नव्हे. तो अनुभवी कायदेतज्ज्ञ असतो. या विषयावर मेक्सिकन घरांत उघड बोलता येते, ही जमेची बाजू. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांच्या स्मरणार्थ घरोघरी वेदी मांडतात, फोटो, भाकरी आणि झेंडूच्या फुलांनी सजवतात. आपण दसऱ्याला दारी लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.

निर्णय घेणाऱ्यांनी काही गोष्टी तरी कराव्यात. घर विकण्याआधी वर्षभर भाड्याने राहावे. एक पावसाळा आणि एक आजारपण तिथे काढावे. हृदय किंवा फुप्फुस अधू असेल, तर जवळपास १,९०० मीटर उंचीवरच्या सान मिगेलचा बेत डॉक्टरला विचारूनच करावा. शक्य असेल तोवर ‘भाग बी’ सोडू नये. औषधांची यादी जेनेरिक नावांनी, रक्तगट आणि ॲलर्जीसह, स्पॅनिशमध्ये लिहून खिशात ठेवावी. आणि रोज कुणा स्थानिक माणसाशी, कामापुरते नव्हे, थोडे जास्त बोलावे.

हे सगळे फक्त मेक्सिकोपुरते नाही. मुलांकडे न्यू जर्सीत कायमचे जाणारे आई-वडील आणि मुले तिकडे असताना पुण्यात एकटे राहणारे आई-वडील, दोघांपुढेही हाच प्रश्न आहे. ग्रीन कार्ड मिळाले तरी मेडिकेअर विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षे तिथे राहिलेले असावे लागते. ती पाच वर्षे कुठल्या विम्यावर काढायची, हे तिकीट काढण्याआधी ठरवतात, पण अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्याचे नाव काय, हे अनेकांना वर्षभरानेही ठाऊक नसते. पैशांची तरतूद चाळिशीपासून सुरू करावी, असे सगळेच सांगतात. वॉर्डबॉय दारात येऊन ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असे विचारील, तेव्हा उठून उभे राहणाऱ्या माणसाची तरतूदही तितकीच लवकर सुरू करायला हवी.