उपग्रहाचं कुलूप जमिनीवर आहे

महाळुंग्यात कंत्राटावर राबणारी आपली पोरं विचारतात, "दादा, उपग्रहाशी आपला काय संबंध?"

संबंध आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाने युक्रेनवर चढाई केली त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेटवर हल्ला झाला. हल्लेखोर आकाशातून आले नाहीत. जमिनीवरच्या व्हीपीएनच्या चुकीच्या सेटिंगमधून शिरले. हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. इस्रोवरही रोज शंभराहून जास्त सायबर हल्ले होतात, असं तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ २०२३ मध्ये म्हणाले होते.

म्हणजे राखणदार हवेत. ते कोण होणार? २०२० मध्ये सरकारने अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. खासगी नोकरीत आरक्षण नाही.

ऑगस्ट कर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगितलं : पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त फक्त किल्ली हवी. ज्ञान कोंडून सुरक्षा येत नाही. ज्ञान कोंडणारी चातुर्वर्ण्य व्यवस्था माणसांना पंगू करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलंच होतं.

म्हणून बार्टीकडे सायबर सुरक्षेच्या मोफत प्रशिक्षणाची मागणी लावून धरू. तोवर दर रविवारी विहारात जुना संगणक मांडू, लिनक्स शिकू. किल्ली मागून मिळत नसते.

जय भीम!